लाल्याला दिलेलं आवतण

बापू,

परवा तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले, मांडव सोडला, भाड्याची भांडी शेजारच्या गोरेगावला परत गेली. इतक्या दिवसांत मोठी आई, तुमची कारभारीण, आज कुठे डोळा लागून पडली आहे, आणि मी तुमच्या ओसरीवर, तुमच्याच जागेवर बसले आहे. रविवार आहे. आपल्या फोनची वेळ झाली. दर रविवारी या वेळेला दिल्लीत माझा फोन वाजायचा आणि कशी आहेस, जेवलीस का, असलं काही न विचारता तुम्ही सुरू व्हायचात, "सांग वकीलीनबाई, आज मी कोन्ता देश?" तुमचा फोन मोठ्या आईनं चार्जिंगला लावून ठेवलाय. का लावलाय ते तिलाही सांगता येत नाही आणि काढ म्हणायची माझी हिंमत होत नाही.

मला रडायचं आहे ते मी नंतर रडेन. आधी आपलं भांडण अर्धं राहिलंय ते पुरं करायचंय, आणि एक निरोपही द्यायचाय. निरोप माझ्या बाबांचा आहे. होय, तुमच्या धाकट्या भावाचा. लगेच उठून जाऊ नका. ऐका.

आपल्या साखऱ्यात सगळ्या गावाला ठाऊक होतं की दोन घरांत एकच भिंत आणि दोन भावांत एक शब्द नाही. भांडण वावराचं असेल असं बाहेरच्यांना वाटायचं. वावराचं असतं तर मोजणी करून मिटलं असतं. हे भांडण टोपीचं होतं. आत्याच्या पोरीचं लग्न, मी तेव्हा सातवीत. मुलाकडची मंडळी लांबची, कोण कोणाचं काय लागतं त्यांना काही ठाऊक नाही. मुलीच्या मामांना टोपी-टॉवेल करायची वेळ आली. तुमचे केस पन्नाशीतही काळेभोर, बाबांचे तिशीतच पिकलेले. पाहुणे सरळ पांढऱ्या डोक्याकडे गेले आणि पहिली टोपी धाकट्याला बसली. तुम्ही मांडवातून उठलात आणि न जेवता तडक घरी आलात. त्या दिवसापासून तुमची आणि बाबांची बोलचाल बंद.

"पाव्हण्यायचं काय घेऊन बसलीस," तुम्ही मला नंतर कितीदा तरी सांगितलंत, "त्यायला काय ठाऊक? पन याला तर ठाऊक व्हतं ना, थोरला कोन हाय ते. यानं डोकं पुढं केलं." बाबांना विचारलं तर ते म्हणायचे, "अगं, एवढ्या लोकांत येकदम टोपी आली, मला काही सुचलंच न्हाई." दोघंही खरंच बोलत होतात, हीच तर पंचाईत.

पण बोलचाल बंद करायची तर शेती कशी करायची? तुमच्याकडे एक बैल, लाल्या. बाबांकडे एक, हिऱ्या. दोघांची मिळून एक जोडी, आणि तीच जोडी दोघांच्या वावरात चालायची. विहीरही सामाईक. मग तुम्ही दोघांनी जे केलं ते मला लहानपणी इतकं साधं वाटायचं की सगळ्याच घरांत असं बोलतात असा माझा समज होता. बाबा तुमच्यापासून दोन हातांवर उभे राहून लाल्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "लाल्या, सांग तुह्या मालकाला, उद्या खालच्या वावरात वखर धरायचा हाय." तुम्ही हिऱ्याच्या गळ्याखाली खाजवत म्हणायचात, "हिऱ्या, सांग, उद्या बाजार हाय. परवा धरू." बैल रवंथ करायचे. काम ठरायचं.

माझं दिल्लीला जाणंसुद्धा असंच ठरलं, हे मी वर्गात सांगितलं तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. हिंगोलीच्या कॉलेजात बी. ए. झाल्यावर मला आंतरराष्ट्रीय संबंध आणि राजनय हा विषय घेऊन एम. ए. करायचं होतं. प्रवेशही मिळाला होता. बाबा म्हणत होते बी. एड. कर, जवळपास कुठेतरी शाळेत लागशील. मी रडून रडून थकले आणि तुमच्या गोठ्यात येऊन बसले. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. सकाळी जोडी जुंपताना मात्र सुरू झालात.

"हिऱ्या, सांग त्याला, पोरगी दिल्लीला जाऊन राहिली म्हना."

बाबा जोत्याची गाठ आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "लाल्या, सांग, दिल्ली लई दूर हाय."

"दूर हाय म्हून तं आगगाडी काढली सरकारनं. सांग रे हिऱ्या."

"लाल्या, इचार, तिथं तकलीफ झाली तं कोन हाय आपलं?"

"आन् इथं तकलीफ झाली तं कोन हाय? समद्या घराला तोंडं असून मुकं झालेलं." एवढं बोलून तुम्ही एकदम थांबलात, कारण बैलाचं नाव घ्यायचं तुम्ही विसरला होतात. त्या लग्नानंतर पहिल्यांदाच तुम्ही थेट बाबांना काहीतरी म्हणाला होतात. तुमच्या लक्षात आलं तसे तुम्ही घाईघाईनं हिऱ्याच्या मानेवर हात ठेवलात. बाबांनी आवळलेली गाठ सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाले, "लाल्या, सांग, हिंगोलीच्या टेशनापोतर मी येईन तिच्यासंगं." असा माझा करार झाला.

स्टेशनावर मात्र तुम्ही आला नाहीत, कारण बाबा आले होते. त्याआधी ओसरीवरच तुम्ही मला भुईमुगाच्या शेंगांची पिशवी दिलीत आणि विचारलंत, "काय शिकशील तिथं, नीट सांग बरं." मी म्हटलं, दोन देशांनी एकमेकांशी कसं बोलावं, भांडण झालं तर कसं मिटवावं, वाटाघाटी कशा कराव्या, हे. तुम्ही पेशव्यांच्या वेळचे वकील असायचे तसं का, असं विचारलंत आणि मला वकीलीनबाई करून टाकलंत. गावात अजून अर्ध्या लोकांना वाटतं मी कोर्टात उभी राहणार आहे. उरलेले अर्धे म्हणायचे, "देशादेशाचं मिटवून राहिली व्हय? मंग घरचं मिटव की आधी." ते मला झोंबायचं, कारण माझ्याही मनात तेच होतं. बापू, मला राजदूत होऊन परदेशात मिरवायचं वगैरे होतंच. पण तुम्हाला दोघांना एका पंगतीत बसलेलं बघायचं होतं, त्यासाठी कोणती विद्या लागते ती शिकायची होती. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही हसला असतात.

पहिल्याच सत्रात आमच्या बाईंनी मानापानाचे नियम शिकवले. कोणत्या देशाचा झेंडा कुठे, कोणाची खुर्ची पुढे, कोणाचं नाव आधी. जुन्या काळात परदेशी वकिलांमध्ये कोणाची बग्गी पुढे जाणार यावरून भर रस्त्यात मारामाऱ्या व्हायच्या, असं त्या म्हणाल्या आणि सगळा वर्ग हसला. मी हसले नाही. मला टोपी दिसत होती. पुढे एकदा आलं की दोन देशांनी संबंध तोडले तरी कामं थांबत नाहीत, म्हणून तिसरा एखादा देश त्यांचे निरोप पोचवतो, त्यांच्या माणसांची काळजी घेतो. मी हात वर केला आणि लाल्या-हिऱ्याची गोष्ट सांगितली. त्यानंतर माझ्या वर्गात मी "बैलवाली" होते. माझ्या खोलीत राहणारी केरळची लीना रोज विचारायची, तुमचा तिसरा देश कसा आहे, चारा खातो का?

आणि मग आपले रविवार. वाटाघाटींच्या तासाला आम्हाला देश वाटून द्यायचे आणि समोरासमोर बसवायचे. त्याची तयारी मी तुमच्याबरोबर करायचे. नदीच्या पाण्याचा प्रश्न आला की तुम्ही हट्टानं वरच्या अंगाचा देश व्हायचात. पाणी सोडायचं नावच घ्यायचं नाही. मी आकडे सांगायचे, नियम सांगायचे, तुम्ही म्हणायचात, "ते समदं बराबर हाय, पन आमची हळद वाळून राहिली त्याचं काय?" कधी चिडून "जा, मी उठलो बैठकीतून" म्हणत फोन ठेवून द्यायचात. पाच मिनिटांनी पुन्हा फोन. "हां, आलो माघारी. बोल." वर्गातल्या कोणाही विद्वानापेक्षा तुम्ही मला जास्त छळलंत, आणि मी त्या तासाला कधी हरले नाही. हे ऋण कसं फेडायचं ते मला अजून कळत नाही.

एकदा मी तुम्हाला पकडलंच. म्हटलं, "बापू, माझ्याशी भांडताना उठून जाता आणि पाच मिनिटांत परत येता. मग तिथं का नाही येत?" तिकडून नुसता कुत्र्याच्या भुंकण्याचा आवाज येत राहिला. मग तुम्ही म्हणालात, "तिथं मला कोनी फोन केला न्हाई." खरं म्हणजे फोन तर तुम्हीच ठेवायचात आणि परत तुम्हीच करायचात. मी हे म्हटलं तेव्हा तुम्ही विषय बदललात.

आता आपल्या खऱ्या भांडणाकडे येते. पोळ्याचं भांडण. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळायचे आणि त्यांच्या कानाशी म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. घरोघर म्हणतात. पण आपापल्या बैलाला म्हणतात. बाबा दर वर्षी हिऱ्याला घेऊन तुमच्या गोठ्यात यायचे, लाल्याचा खांदा मळायचे आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणायचे, "आवतण घ्या, उद्या जेवायला या." तुम्ही इथं, ओसरीवर, दहा पावलांवर बसलेले असायचात. लाल्या काही बहिरा नव्हता, बापू. एवढ्या मोठ्यानं सांगायची गरज नव्हती.

मी म्हणायचे, आवतण तुम्हाला आहे. तुम्ही म्हणायचात, "बैलाला देल्लं, ते बैल खाईल. मला काहून घुसवून राहिलीस मधात?" मी म्हणायचे, दुसऱ्याच्या गोठ्यात येऊन दुसऱ्याच्या बैलाला कोण आवतण देतं? तुम्ही म्हणायचात, जोडी आहे. मी म्हणायचे, माझ्या पुस्तकांत याला इशारा म्हणतात. एका देशानं इशारा करायचा आणि दुसऱ्यानं तो ओळखायचा. तुम्ही म्हणायचात, "चुकीचा वळखला तं? इनाकारन जाऊन बसावं आन् त्यानं म्हनावं, तुमाला कोनी बलावलं?" त्याचं उत्तर मी पुस्तकांत शोधायचे. तिथं नव्हतं. बाबांना विचारावं तर ते जमिनीकडे बघत म्हणायचे, "पोळ्याला बैलालाच म्हनतेत, आनिक कोनाला?"

लीनानं एकदा विचारलं होतं, बैल विकला तर काय होईल? मी हसण्यावारी नेलं. त्याच उन्हाळ्यात तुमच्या गुडघ्यांनी घात केला, गावात ट्रॅक्टर झाले होते, लाल्याही थकला होता. तांड्यावरच्या ओळखीच्या घरी तुम्ही त्याला दिलात, त्याला शेवटपर्यंत सांभाळतील म्हणून. एकटा हिऱ्या काय कामाचा? महिन्याभरात बाबांनी तोही दिला. आणि तुमच्या कोणाच्या ध्यानातच आलं नाही की तुम्ही तोंडंच विकून टाकली आहेत. पुढे एका सकाळी दोघंही एकाच वेळी विहिरीवर आलात. पाळी कोणाची ते सांगायला मध्ये कोणी नाही. तुम्ही त्यांना बघून परत फिरलात, ते तुम्हाला बघून परत फिरले, आणि भरल्या विहिरीशेजारी दोघांचीही हळद दोन दिवस तहानलेली राहिली. मोठी आई हे सांगताना हसत होती. मला हसू आलं नाही, मला त्या क्षणी गाडी पकडून यावंसं वाटलं.

यंदाच्या पोळ्यानंतरच्या रविवारी तुमचा आवाज जरा वेगळा होता. म्हणालात, "औंदा गोठा रिकामाच व्हता, माय. खांदमळनीच्या टायमाला उगंच बसलो व्हतो ओसरीवर. वाटलं, त्यानं..." आणि थांबलात.

"त्यानं काय, बापू?"

"काही न्हाई. सांग, आज मी कोन्ता देश?"

मी तुम्हाला देश सांगितला. आपण बोललो. तुम्ही त्या दिवशी सगळं सोडायला तयार होतात, पाणीही दिलंत, एकदाही उठून गेला नाहीत. मी म्हटलं, असं केलं तर मला सराव कसा होणार? तुम्ही म्हणालात, "आज भांडायचा कंटाळा आला." त्या "त्यानं"च्या पुढचं वाक्य मी तेव्हापासून रोज पुरं करून बघते आहे.

मी पोचले तेव्हा तुमची राख सावडून झाली होती. बातमी कळताच मी निघाले होते; अकोल्याला गाडी बदलताना बाबांचा फोन आला, त्यांनी फक्त माझं नाव घेतलं आणि फोन ठेवला. वावरातच तुमच्या छातीत कळ आली होती. आधी धावले ते बाबा. तुम्हाला लेकरू नाही, म्हणून अग्नीही त्यांनीच दिला. तुम्ही जाताना काही बोललात का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "माझ्याकडं पाहात व्हते." एवढंच. मला त्या दिवसापासून तुमची ती नजर हवी आहे. बाबांना मिळाली आणि मला नाही, याचा मला हेवा वाटतो. असला हेवा वाटणं बरं नाही, पण आहे.

बाराव्या दिवशी संध्याकाळी मोठी आई आणि मी इथंच बसलो होतो. तेराव्याचं जेवण आमच्या अंगणात करायचं, असं बाबांनीच ठरवलं होतं. गावात सगळीकडे सांगून झालं होतं. भिंतीपलीकडून बाबा आले, आमच्याकडे न बघता गोठ्यात गेले. लाल्याचा खुंटा तुम्ही उपटला नव्हता. बाबा त्याच्याजवळ उभे राहिले. हात पुढे केला, पाठीवर थाप मारायला करतात तसा, आणि पाठ नव्हती म्हणून तो तसाच हवेत राहिला. मग ते पोळ्याच्या त्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "आवतण घ्या, दादा. उद्या जेवायला या."

दादा. आत्याच्या पोरीच्या लग्नापासून तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

मोठ्या आईनं पदर तोंडात कोंबला. जरा वेळानं ती बोलू लागली. "दर पोळ्याला इस्तरीचे कपडे घालून बसायचे हे," ती म्हणाली. "दुपार कलंडोस्तोर जेवायचे न्हाईत. मी म्हनायची, जेवून घ्या. तं म्हनायचे, आवतण आलंय, बलावनं न्हाई आलं अजून." बापू, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! माझ्याशी इतकी वर्षं भांडलात, बैलाला आहे बैलाला आहे म्हणून, आणि आवतण तुम्हाला पोचलं होतं. तुम्ही दुसऱ्या बोलावण्याची वाट बघत होतात. पान वाढलं की बोलवायला माणूस येतो, त्याशिवाय शहाणा पाहुणा उठत नाही, हे मला कोणत्या विद्यापीठानं शिकवायला हवं होतं? मी तशीच भिंतीपलीकडे गेले आणि बाबांना सांगितलं. आईही तिथं होती. ती चुलीकडे बघत म्हणाली, "पोळ्याला हे येक ताट जास्तीचं वाढायला लावायचे. सांजच्याला ते बैलाला घालायचे."  आवतण दिलं की थोरला येईल असं बाबांना वाटत होतं. आणि तुम्ही इकडे इस्त्रीचे कपडे घालून बसलेले. मध्ये एक भिंत.

दुसऱ्या दिवशी सोयरे टोपी-टॉवेल घेऊन आले. टोपी डोक्याजवळ आली तेव्हा बाबांनी डोकं मागे घेतलं. "आधी थोरल्याला," ते म्हणाले, आणि ती तुमच्या फोटोपुढे ठेवायला लावली. बघणाऱ्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. आत्या मात्र हमसाहमशी रडली.

पंगत बसली. पत्रावळ्या वाढून झाल्या. सगळे बाबांची वाट बघत होते, आणि बाबा उठून भिंतीला वळसा घालून निघाले. मी त्यांच्या मागे गेले. ते तुमच्या ओसरीपुढे आले, इथं, मी आता बसले आहे तिथं, तुमच्या रिकाम्या जागेसमोर. डोक्यावर काही नव्हतं, पांढरे केस उन्हात चमकत होते. त्यांनी हात जोडले नाहीत, ते रडले नाहीत. पाहुण्याला बोलवायला आलेला माणूस जसं बोलतो तसं म्हणाले, "चला दादा. पान वाढलंय."

निरोप तो हाच, बापू. दोघांच्या मधला तिसरा देश आता मीच उरले आहे, म्हणून पोचवते आहे. बोलावणं आलं होतं.